एक खिळा

निमिषची बदली डब्लिनहून अमेरिकेतल्या नेब्रास्काला होणार, हे तिथल्या ॲडम्सटाउन उपनगरातल्या त्याच्या भाड्याच्या घरात मला कळले. चिरंजीव खुशीत होते.

"त्या राज्याचे नाव कोणी कौतुकाने घेतल्याचे मी आजवर ऐकले नाही. आहे काय तिथे?" मी आवाज चढवला. भीती झाकण्याची माझी तीच रीत आहे.

"तेच तर, आई! कोणी जात नाही म्हणून सगळं शिल्लक आहे. मार्चमध्ये नदीकाठी लाखो क्रौंच उतरतात. आभाळ तर केवढं! माणसं थांबून चौकशी करतात. आपल्या वर्ध्यालाच असल्यासारखं वाटतं बघ."

"आणि वावटळी? घरेच्या घरे उचलून नेतात म्हणे."

"त्यासाठी घराखाली तळघर असतं. तू कधीपासून भ्यायला लागलीस?"

मी उघड्या भिंतींकडे पाहिले. इथे सात वर्षांत घरमालकाच्या धाकाने त्याने भिंतीला एकही खिळा ठोकला नव्हता. ह्यांची तसबीर टॉवेलात गुंडाळून बॅगेतच ठेवलेली होती. "वर्ध्याला परतलो की लावू," असे तो दर वर्षी म्हणे आणि मी निर्धास्त होत असे.

आता त्याने तिकडच्या घराचा फोटो माझ्यापुढे धरला.

"ही भिंत बघ, आई. बाबांची तसबीर इथे छान दिसेल ना?"