भुताच्या तोंडची हाक

“अहो, ते भूत होतं की बाजारातून काय आणू म्हणून विचारणारी मुलगी?”

प्रेक्षकांचे निरोप ऑफिसातली मुलगी मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि सगळे खो खो हसत होते. आदल्या दिवशी टीव्हीवरच्या भुताच्या मालिकेचा शेवटचा भाग झाला होता. जिच्या आवाजानं दोन वर्षं लोकांना दिवा लावून झोपायची सवय लावली, ती कधीच न दिसणारी जिन्यातली बाई शेवटी आपल्या आईला एकच हाक मारते आणि कायमची निघून जाते. त्या एका हाकेनं म्हणे सगळ्या भीतीचा विचका झाला. कुणी लिहिलं होतं, “एवढी गुणाची भुतीण? आमच्या सुनेला जरा शिकवणी लावा तिची.” लोकांचं काय, त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार!

कानसेन तेवढा हसला नाही. मालिकेच्या आवाजांची जुळणी हा माणूस करायचा. टाचणी पडली तरी कुठल्या कोपऱ्यात पडली ते सांगेल, म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणत. ती हाक त्यानंच तिथं बसवली होती. जिन्यातलीला आवाज देणारी मुलगी शेवटच्या भागाआधीच गेली. चार दिवस ताप आला काय आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं काय. तिच्या जागी दुसरा आवाज घ्यायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मग कानसेननं जुन्या भागांतले तिचे शब्द, हुंदके, श्वाससुद्धा वेचून शेवटचा प्रसंग उभा केला. बाकी सगळं मिळालं, पण ‘आई’ काही मिळेना. दोन वर्षांत जिन्यातली तो शब्द एकदाही म्हणाली नव्हती. अखेर तो त्यानं कुठून आणला, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारी निरोप आला, “खाली तिची आई आलीय. तुम्हालाच भेटायचं म्हणते.”

‘कळलं तिला,’ कानसेनच्या मनात आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

बाई त्याच्या कामाच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

“कालची ती हाक तुम्ही लावलीत?”

“हो, मीच. लोकांना नाही आवडली. परवा पुन्हा दाखवणार आहेत, त्याच्या आत बदल म्हणालेत साहेब.”

“ती भुताची नाहीच. ती मला मारलेली हाक आहे.”

खोटं बोलता आलं असतं. पण बाईचे डोळे बघून त्याचा धीर झाला नाही.

“एकदा काम थांबलं होतं,” तो म्हणाला. “तिनं आतूनच तुम्हाला फोन लावला आणि माइक चालू राहिला. ते मी जपून ठेवलं होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं, काकू. चुकलं माझं.”

आता ही आपली खरडपट्टी काढणार, असं त्याला वाटलं. काढली असती तर बरं झालं असतं.

“काल शेजारच्या सगळ्या जणी माझ्याकडे बसल्या होत्या,” बाई म्हणाली. “मला एकटं वाटू नये म्हणून. मी आत स्वयंपाकघरात होते. हाक आली आणि मी ‘काय गं?’ म्हणत बाहेर आले. हात पुसत. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोघी तर रडायलाच लागल्या.”

कानसेननं पाण्याचा पेला तिच्या जवळ सरकवला.

“बदला ती. माझ्या पोरीला लोकांनी हसायचं काही कारण नाही. तिथं किंकाळी घाला नाहीतर काहीही घाला. माझी हाक मला द्या. पुढचं सगळं आहे?”

“आहे. पण एकट्या तिचंच बोलणं आहे. तुमचा आवाज नाही त्यात. मधे मधे नुसती शांतता आहे.”

“असू दे. माझं मला पाठ आहे.”

त्यानं दार लावून घेतलं आणि फीत सुरू केली.

“आई,” मुलगी म्हणाली.

“बोल गं,” बाई म्हणाली.

“जेवलीस?”

“आत्ता बसतच होते.”

“थापा मारू नकोस. ऐक, मला उशीर होईल. या भुताला काही केल्या रडूच येत नाहीये.”

“माझ्याकडे पाठव तिला. दोन रट्टे देते, आपोआप येईल.”

मुलगी खळखळून हसली. कानसेननं ते हसू पन्नासदा तरी ऐकलं होतं. ती कशाला हसली, हे त्याला आज कळलं. बाईचं एकही उत्तर मागंपुढं होत नव्हतं, बरोबर त्या शांततेत बसत होतं. एवढ्या वर्षांत असं बिनचूक काम त्यालाही जमलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

“बरं, आता बोलावतायत मला. ठेवू?”

पुन्हा शांतता. त्या दिवशी इथं बाई काय म्हणाली असेल, हे कुणीही सांगितलं असतं. तिनं दोन्ही हात पुढं करून समोरचं यंत्र धरलं.

“नको गं,” बाई म्हणाली. “नको ना ठेवूस.”

“हं, ठेवते मग,” मुलगी म्हणाली.