आजची ईद

दुबईत चांद एक दिवस आधी दिसला. इकडे राहात्यात खुर्शीदभाभींचा रोजा चालूच होता, तरी लेकाची ईद म्हणून त्यांनी आजच पातेलंभर शीरखुर्मा केला. स्वतः चाखायची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या बनुबाईंच्या हातात वाटी दिली आणि काशिफला व्हिडिओ कॉल लावला.

काशिफ कामाच्या कपड्यांत होता.

"आज ईद ना रे तुझी?"

"आज ड्युटी घेतली, अम्मी. सुट्टी उद्या मागितलीय. तू उद्या शीरखुर्मा केलास, की आपण दोघं संगंच खाऊ."

भाभी भरल्या पातेल्याकडं बघत राहिल्या.

बनुबाईंनी दुसरी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली.

"म्हंजी भाभी, आजची ईद माझ्या एकटीचीच झाली व्हय?"