अकरा ते एक

तिने हेडफोन दुकानदाराच्याच डोक्यावर चढवला आणि फोनवर खून लावला.

दुकानदार बावचळला. त्याच्या कानात एक बाई जिन्यावरून फरफटत नेली जात होती. गिऱ्हाईक मात्र त्याच्या गालाशी कान नेऊन बाहेरून ऐकत होतं. बाईचं डोकं तिसऱ्यांदा पायरीवर आपटलं, तसा त्याने हेडफोन ओढून काढला.

"ताई, लोक गाणी लावून बघतात हो."

"आत कसं ऐकू येतं ते नकोय मला. बाहेर किती गळतं ते बघायचंय. पुन्हा घाला."

पहिला हेडफोन गळत होता. दुसरा देखणा, पण त्याच्या कपांना मागून जाळी. तसला जाळीवाला तिच्या घरी होताच आणि त्यानेच तिच्या पोटावर पाय आणला होता. तिसरा मागून पक्का बंद. दुकानदार त्याला क्लोज्ड बॅक म्हणाला. प्लास्टिक हलकं होतं, दांडी कुरकुरत होती आणि त्या जाड कपांत तासाभरात कान उकडून निघणार हे दिसतच होतं. पण दुकानदाराच्या चेहऱ्यावर खून घडत होता आणि बाहेर हूं की चूं नाही. किंमतही तिला झेपणारी होती. तिने तोच घेतला.

ती परदेशी मालिकांना आपल्या भाषेतला आवाज द्यायची. मालिका सगळ्या खुनाच्या आणि तिच्या वाट्याला मरणाऱ्या बायका. गळा दाबलेली, भोसकलेली, गच्चीवरून ढकललेली, प्रत्येकीची किंकाळी वेगळी काढण्यात तिचा हातखंडा होता. काम घरातच चाले, भिंतीला जाड रजया टांगून. पण स्टुडिओने लागोपाठ तीन भाग परत पाठवले होते. तुमच्या किंकाळीमागे दुसरी एक बारीक किंकाळी येते, असं एडिटरचं म्हणणं. मूळ नटीचा आवाज तुमच्या हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरतोय. चौथा भाग असाच आला तर काम दुसरीला जाईल.

इमारतीत सगळे तिला किंकाळीताई म्हणत. सुरुवातीला लोकांनी पोलिस आणायचेच काय ते बाकी ठेवले होते. तेव्हा तिची बाजू एकट्या शेजाऱ्याने घेतली. मधली भिंत सामाईक, म्हणजे खरा त्रास त्यालाच; पण माणूस भला, आवाज कधी चढायचा नाही. कारखान्यात दुपारपाळीला जायचा. लिफ्टशी भेटला की आधी तिला आत जाऊ द्यायचा. "ताईंच्या पोटापाण्याचं काम आहे," तो सगळ्यांना म्हणाला होता. "त्यांनी फक्त वेळ दारावर लिहून ठेवावी." तेव्हापासून तिच्या दारावर पाटी लागली. रेकॉर्डिंग अकरा ते एक. आतून ओरडण्याचा आवाज आल्यास घाबरू नये.

त्याची बायको मात्र आखडू. गच्चीवर वाळलेले कपडे काढताना भेटली की एवढंच विचारायची, "उद्या आहे का हो रेकॉर्डिंग?" नाही म्हटलं की तिचा चेहरा खुलायचा. "बरं झालं." त्या "बरं झालं"चा किंकाळीताईला भयंकर राग यायचा. आपण पोटासाठी रोज मरायचं आणि या बयेने सुट्ट्या मोजायच्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला तिने नवा हेडफोन घातला. बाहेरचं जग बंद झालं. कानात आता दोनच गोष्टी, मालिका आणि स्वतःचा माइक. बारापर्यंत ती दोनदा मेली. साडेबाराला कुऱ्हाडीचा सीन आला. घोटभर पाणी प्यायला तिने चित्र थांबवलं.

पडद्यावरची बाई तोंड उघडून गोठली. कानातली किंकाळी थांबली नाही.

तिने वायर हलवून पाहिली. मग माइकचा आवाज पूर्ण वाढवला. भिंतीपलीकडे धप्पकन काहीतरी पडलं. मग पट्ट्याचा सटका, पुन्हा सटका. मग तो ओळखीचा, कधीही न चढणारा आवाज.

"ओरड. कितीही ओरड. एक वाजेपर्यंत कुणी यायचं नाही."

दोष जुन्या हेडफोनचा नव्हताच. तीन भाग ती ज्या किंकाळीला शिव्या घालत होती, ती शेजारणीची होती. तिला स्वतःची शिसारी आली. मग संताप आला.

तिने माइक काढून खाली ठेवला आणि त्याचा लोखंडी स्टँड उचलला. मदतीला ओरडण्यात अर्थ नव्हता. तिच्या ओरडण्याने इमारतीत कुणी ढिम्म हलत नसे. ती शेजारच्या दाराशी गेली आणि बेलवरचं बोट काढलंच नाही.

शेजाऱ्याने दार उघडलं. कपाळावर घाम, उजवा हात पाठीमागे. त्याच्या मागे बायको फरशीवर पडलेली दिसत होती.

"काय ताई, आज लवकर आटोपलं?" त्याने हसून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून अर्धा तास आहे."

तिने स्टँड उगारला. त्याचा पाठीमागचा हात अडवायला पुढे आला आणि पहिला फटका त्याच मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने मालिकांमध्ये शेकडो वेळा ऐकला होता. खरा त्याहून बारीक असतो. पट्टा खाली पडला. ती आत शिरली. दुसरा फटका गुडघ्यावर. तो कोसळला आणि जीव खाऊन ओरडला.

बायको भिंतीला धरून उठली. तिचा ओठ फुटला होता. लंगडत ती दारापर्यंत आली, बाहेर एकदा पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली.

जिन्यात कुणी आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी भाजी निवडता निवडता थांबल्या. वर बघत त्या सुनेला कौतुकाने म्हणाल्या, "आज पुरुषाचा आवाजसुद्धा काढतेय गं पोरगी. अगदी खरा वाटतोय."