ओकादा-सान काय म्हणाले

डोंगराखालच्या त्या जपानी खेड्यात मराठी घरं दोनच, मितालीचं आणि कश्मिराचं. कश्मिराच्या अंगणातलं गिंकोचं झाड सोनेरी झालं की येणारा-जाणारा तिथेच थबकायचा, आणि शेजारी मितालीच्या पोटात दुखायचं.

वणव्यापासून जपायला घराभोवतीचं काय काढायचं, हे सांगायला अग्निशमन दलाचे ओकादा-सान आले. कश्मिराला जपानी येत नव्हतं. मितालीने मराठीत सांगितलं, "सुका बांबू काढा म्हणतात. आणि हे झाडही."

कश्मिराने डोळे पुसत झाड तोडून घेतलं.

महिन्याने ओकादा-सान तपासणीला आले आणि उरलेल्या बुंध्यापाशी थांबले. "मिताली-सान, गिंको आग अडवतो, तो ठेवा, असं मी सांगितलं होतं ना?"

"काय म्हणतायत गं?" कश्मिराने विचारलं.

"छान साफ केलंय म्हणतात," मिताली म्हणाली.