न पाजलेलं दूध

“बाबा, आता तोंड उघडता का?” हातातली बाटली हलवत मंजिरी वैतागून म्हणाली.

घशाच्या कॅन्सरवरच्या किरणोपचारांनी त्र्यंबकरावांचं तोंड आतून सोलून निघालं होतं, घासही गिळवत नव्हता. आईच्या दुधातल्या साखरा तोंडातली प्रतिकारशक्ती जागी करतात, आणि ज्याला त्याला स्वतःच्या आईच्याच साखरा सर्वांत जास्त मानवतात. म्हणून डॉक्टरांनी त्र्यंबकरावांच्या पेशींत आईकडून आलेल्या जनुकांवरून तिच्या दुधातल्या साखरा प्रयोगशाळेत हुबेहूब घडवून त्यांचं गुळण्यांचं औषध बनवून घेतलं होतं. आणि त्र्यंबकराव मात्र ओठ घट्ट मिटून बसले होते.

“मला नको तिचं काही,” ते कसंबसं पुटपुटले. “तान्हा होतो, तेव्हा मावशीच्या ओटीत टाकून निघून गेली. एक थेंब पाजला नाही.”

“म्हणून आता उपाशी मरणार? सत्तरी उलटली तुमची! तेव्हा राहिलं ते आज दारात आलंय, तर घ्या ना!”

त्र्यंबकरावांनी हळूच तोंड उघडलं. मंजिरीने चमचाभर औषध आत ओतलं. डोळे मिटून त्यांनी ते सावकाश गालांत घोळवलं.

“आता थुंका,” तिने भांडं पुढे केलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. घशाची आग आग झाली, तरी त्यांनी ते गिळून टाकलं.