पाच किलोंची अट

“ही पिशवी उचलून जिना उतरून दाखव, तरच अकोल्याला एकटी जा,” अवीने आईला फर्मावले. द्वारकाबाईंचा गुडघा बदलून सहा महिने झाले होते. पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही, एवढ्या एका अटीवर डॉक्टरांनी त्यांना बहिणीकडे जायची परवानगी दिली होती. गाडीत खालचा बर्थही मिळाला होता. पिशवी मात्र अवीने भरली होती.

द्वारकाबाईंनी तीस वर्षे चौथीच्या वर्गाला गणित शिकवले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “आधी तू उतरून दाखव, बाळा. मी बघून शिकते.”

अवी तीन मजले उतरून परत चढून आला आणि धापा टाकत सोफ्यावर पसरला. त्याच्या मुलीने पिशवी ताणकाट्याला अडकवली. “आजी, साडेअकरा किलो!”

“आता पाचच्या आत आण बघू. विचार करून. घाई नाही.”

नातीने एकेक वस्तू बाहेर काढली: जाडजूड रजई, पाण्याच्या चार बाटल्या, शेकायची पिशवी, विजेरी, ती बिघडली तर म्हणून दुसरी विजेरी. गोळ्यांचा डबा आणि चष्मा तिने न सांगता आतच ठेवला. आजी खूश झाली. शेवटी रक्तदाबाचे यंत्र निघाले आणि काटा पावणेपाचवर थांबला.

“अगं आई, ते तरी राहू दे! तिकडे तुझं प्रेशर वाढलं तर?”

“तू इथेच राहणार आहेस ना?” द्वारकाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “मग कशाला वाढतंय?”