अंगठ्याचा ठसा
परवाना हाती पडला की धाकट्या जावेचं स्वतःचं नेल पार्लर होणार होतं आणि थोरलीच्या परवान्याखाली बारा वर्षं चाललेलं राबणं संपणार होतं. परवान्याच्या परीक्षेत ती पहिली आली होती. उरला होता फक्त अंगठ्याचा ठसा, आणि मशीन तो पाचव्यांदा नाकारत होतं.

"हात धुऊन या, बाई," कारकून म्हणाला.

"धुऊन काय होणार, साहेब? नेलपॉलिश उतरवायच्या ॲसिटोनमध्ये दिवसभर बुडालेले असतात."

"रेषाच उरल्या नाहीत तुमच्या. ठशाशिवाय परवाना नाही."

मागे थोरली जाऊ परवान्याच्या नूतनीकरणासाठी उभी होती. "सरक गं जरा," म्हणत तिने अंगठा टेकवला. पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. बारा वर्षांत तिने पार्लरमध्ये गल्ल्याशिवाय कशालाही हात लावला नव्हता.